मातीचे दहा आकडे, पानाचे आठ

नागपूर आणि १९२० म्हटलं की मराठी वाचकाला आठवतं ते डिसेंबरातलं काँग्रेसचं अधिवेशन, असहकाराचा ठराव, गांधीजी. त्याच वर्षी याच शहरात आणखी एक अधिवेशन भरलं होतं, भारतीय विज्ञान परिषदेचं सातवं. अध्यक्षपदी आचार्य प्रफुल्लचंद्र राय होते. त्या अधिवेशनात कलकत्त्याच्या दोन माणसांची गाठ पडली. एक झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे संचालक नेल्सन अ‍ॅनन्डेल, दुसरे प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे तरुण प्राध्यापक प्रशांतचंद्र महालनोबिस. अ‍ॅनन्डेल यांच्याकडे कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीराची मोजमापं पडून होती. उंची, डोक्याची लांबी-रुंदी, नाकाची ठेवण, असं बरंच काही. या आकड्यांचं काय करता येईल ते बघाल का, असं त्यांनी महालनोबिस यांना विचारलं.

महालनोबिस यांनी ते बघितलं, आणि त्यातून त्यांचं उरलेलं आयुष्यच वेगळ्या दिशेला लागलं. १९२२ साली त्या मोजमापांवरचा पहिला निबंध आला. १९३१ साली इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट उभी राहिली. १९३६ साली जगभर ‘महालनोबिस अंतर’ किंवा डी-स्क्वेअर म्हणून ओळखलं जाणारं सूत्र प्रसिद्ध झालं. भारतीय संख्याशास्त्राचा उगम सांगताना कलकत्त्याचं नाव घेतात आणि ते बरोबरच आहे. पण ज्या प्रश्नापासून हे सगळं सुरू झालं तो प्रश्न नागपुरात विचारला गेला, ही गोष्ट नागपुरातल्या शाळेत शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक असावी असं मला मनापासून वाटतं.

तो प्रश्न दिसतो तितका सोपा नव्हता. एका माणसाचं एकच माप असेल तर तुलना सरळ असते. पण प्रत्येकाची आठ-दहा मापं असली की ती मापं एकमेकांत गुंतलेली निघतात. उंच माणसाचे हात लांब असतात, पाय लांब असतात. दोन गटांत उंचीचा फरक आहे, हाताच्या लांबीचाही आहे, असं म्हटलं तर एकच फरक दोनदा मोजल्यासारखं होतं. महालनोबिस यांच्या अंतरात ही पुनरुक्ती वजा होते. मापांचं आपसांतलं साटंलोटं बाजूला काढलं की जे उरतं तेच खरं अंतर.

ज्या १९३६ साली हे सूत्र छापलं गेलं, त्याच साली ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉटेलिंग यांचा एक निबंध आला. विषय होता चलांच्या, म्हणजे मोजलेल्या गुणधर्मांच्या, दोन संचांमधले संबंध. आज ज्याला कॅनॉनिकल कोरिलेशन अ‍ॅनालिसिस म्हणतात ते तंत्र त्यात पहिल्यांदा पूर्ण रूपात मांडलं होतं. हॉटेलिंग यांनी १९१९ साली वॉशिंग्टन विद्यापीठातून पदवी घेतली होती ती पत्रकारितेची. गणिताकडे ते नंतर वळले.

त्यांचा प्रश्न नागपूरच्या माणसाला समजावायचा तर संत्र्याच्या बागेत जावं. अमरावती रोडवर दोन राष्ट्रीय संस्था आहेत. एक मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजनाचा ब्यूरो, दुसरी केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था. पहिलीचा विषय माती, दुसरीचा विषय झाड. या दोन विषयांच्या मधली जागा हीच हॉटेलिंग यांची जागा. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या पट्ट्यातली बाग घ्या. मातीचा नमुना प्रयोगशाळेत गेला की आकडे मिळतात: सामू, क्षारता, चुनखडी, चिकणमातीचं प्रमाण, सेंद्रिय कर्ब, उपलब्ध नत्र, स्फुरद, पालाश, लोह, जस्त. झाले दहा. त्याच बागेतली पानं तपासली की नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, मँगनीज, जस्त. झाले आठ. मातीत जे आहे ते पानात उतरतं का, हा शेतकऱ्याचा जुना प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर कधीच एका ओळीत येत नाही. जमिनीत लोह भरपूर असतं, तरी चुनखडीमुळे सामू चढला की मुळांना ते उचलता येत नाही आणि नवी पालवी पिवळी पडते. म्हणजे पानातल्या लोहाबद्दल मातीतल्या लोहापेक्षा मातीतली चुनखडीच जास्त बोलते.

दहा आणि आठ यांचे आडवे संबंध काढायचे तर ऐंशी सहसंबंध हाती येतात (सहसंबंध म्हणजे दोन मापं किती बरोबरीनं चढतात-उतरतात याचा उणे १ ते अधिक १ मधला आकडा). ऐंशी आकड्यांचा तक्ता समोर धरून कुणालाही काही कळत नाही. काही मोठे, काही लहान, काही केवळ योगायोगानं मोठे. हॉटेलिंग यांनी वेगळी वाट धरली. मातीच्या दहा आकड्यांना प्रत्येकी एक वजन द्यायचं, गुणून बेरीज करायची. प्रत्येक बागेला मातीचा एक एकत्रित गुण मिळाला. पानांच्या आठ आकड्यांचंही तसंच. आता वजनं कितीही प्रकारांनी निवडता येतात, त्या अनंत निवडींमधून अशी एक जोडी शोधायची की मातीचा गुण आणि पानाचा गुण यांच्यातला सहसंबंध जास्तीत जास्त होईल. ती सापडली की तिच्याशी काहीही संबंध नसलेली दुसरी जोडी, मग तिसरी. आपल्या बागेत अशा आठ जोड्या निघतात, आणि माती-पानाच्या नात्याबद्दल त्या ऐंशी आकड्यांत जे काही होतं ते सगळं या आठ जोड्यांत येऊन बसतं. ऐंशी आडव्यातिडव्या धाग्यांच्या जागी आठ सरळ धागे. हे शक्य आहे याचंच मला आजही नवल वाटतं.

हॉटेलिंग यांनी स्वतः दिलेलं उदाहरण मात्र शाळेतलं आहे, आणि तंत्राचा अर्थ कसा लावावा हे त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही शिकवत नाही. मानसशास्त्रज्ञ ट्रूमन केली यांनी सातवीतल्या १४० मुलांच्या चार चाचण्या घेतल्या होत्या: वाचनाचा वेग, वाचनातली समज, गणिताचा वेग, गणितातली ताकद. वाचनाच्या दोन चाचण्या एका बाजूला, गणिताच्या दोन दुसऱ्या बाजूला. आडवे सहसंबंध चारच. दोन्हीकडच्या वेगांमध्ये ०.२४. वाचनाचा वेग आणि गणिताची ताकद यांत ०.०६. वाचनाची समज आणि गणिताचा वेग यांत उणे ०.०६. समज आणि ताकद यांत ०.०७. एवढंच बघितलं तर वाचन आणि गणित यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही असं म्हणून कुणीही उठून जाईल.

हॉटेलिंग यांच्या पद्धतीनं पहिल्या जोडीचा सहसंबंध येतो ०.३९४५. त्या चार फिकट आकड्यांच्या आत हा दडलेला होता. दुसऱ्या जोडीचा ०.०६८८, तो १४० मुलांमध्ये निव्वळ योगायोगानंही सहज येऊ शकतो, म्हणून तो सोडून द्यायचा.

आता पहिली जोडी वाचू. छापलेल्या सहसंबंधांवरून वजनं काढता येतात; वही-पेन घेऊन बसलं तर तासाभराचं काम आहे. वाचनाच्या बाजूला वेगाला अधिक १.२६, समजेला उणे १.०३. गणिताच्या बाजूला वेगाला अधिक १.१०, ताकदीला उणे ०.४५. पहिल्या नजरेत गोष्ट स्वच्छ दिसते. समजेच्या मानानं भराभर वाचणारी मुलं गणितही भराभर उरकतात आणि गणितात कच्ची असतात.

या वाक्याचा शेवटचा भाग चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे कळलं की या तंत्राचा अर्थ लावणं निम्मं शिकून झालं. वजनं बाजूला ठेवा. गणिताच्या बाजूचा जो एकत्रित गुण तयार झाला, त्याचा मूळ दोन चाचण्यांशी थेट सहसंबंध किती, ते काढा. याला लोडिंग म्हणतात. वेगाशी ०.९१. ताकदीशी ०.०२. म्हणजे शून्यच. वजन उणे ०.४५ आणि प्रत्यक्ष नातं शून्य! ज्या मुलाचा हा गुण जास्त, ते गणितात पक्कं असेल की कच्चं, याबद्दल या गुणाला काहीच सांगता येत नाही.

मग ते उणे वजन तिथे करतं काय? सफाई करतं. गणिताचा वेग आणि ताकद यांत मुळात ०.४२ चा सहसंबंध आहे; जे मूल गणितात ताकदवान ते बहुधा वेगानंही सोडवतं. म्हणजे वेगाच्या आकड्यात ताकदीचा थोडा अंश मिसळलेला असतो. वाचनाशी जुळणारा वेग हा तो मिसळलेला वेग नाही. ताकदीला उणे वजन देऊन सूत्र वेगातून तो अंश पुसून टाकतं. महालनोबिस यांनी उंची आणि हाताच्या लांबीचं साटंलोटं जसं वजा केलं, तसंच हे.

वाचनाच्या बाजूला लोडिंग पाहिलं तर वेगाशी ०.६१, समजेशी उणे ०.२३. इथेही समजेचं वजन उणे १.०३ इतकं भरभक्कम दिसत होतं, प्रत्यक्षात नातं उणे असलं तरी हलकं आहे. सगळं एकत्र धरलं तर म्हणता येतं ते इतकंच: वाचनाच्या वेगाचा जो भाग समजेतून आलेला नाही, त्याचं नातं गणिताच्या निखळ वेगाशी आहे. पहिल्या वाक्यापेक्षा हे वाक्य शांत आहे, आणि खरं आहे.

वजनं वाचावीत की लोडिंग, यावर संशोधकांमध्ये वर्षानुवर्षं वाद आहे. माझं मत असं की दोन्ही शेजारी-शेजारी मांडावीत. जिथे ती जुळतात तिथे अर्थ सरळ असतो. जिथे ती फारकत घेतात तिथे थांबावं, कारण तिथे एक चल दुसऱ्याची सफाई करत असतं. आपल्या संत्र्याच्या बागेत मातीतल्या जस्ताला उणे वजन आलं, तर ‘जस्त झाडाला मारक’ असा निष्कर्ष काढून शेतकऱ्याला सल्ला देणं घातक ठरेल. एवढं लक्षात ठेवलं तरी कृषी विद्यापीठांतल्या कितीतरी प्रबंधांचे निष्कर्ष सुधारतील. आणि हो, एका जोडीतल्या दोन्ही बाजूंची सगळी चिन्हं एकदम उलटी केली तरी सहसंबंध तोच राहतो. म्हणून सुटं अधिक-उणं वाचूच नये. कोण कुणाच्या बरोबर आणि कोण कुणाच्या विरुद्ध एवढंच वाचावं.

आणखी एक खड्डा असाच झाकलेला आहे. ०.३९४५ चा वर्ग ०.१५६. यावरून ‘गणितावरून वाचनातला सोळा टक्के फरक समजतो’ असं लिहिण्याचा मोह होतो. पण सोळा टक्के आहेत ते त्या दोन एकत्रित गुणांमधले, मूळ चाचण्यांमधले नव्हेत. वाचनाच्या दोन्ही चाचण्यांमध्ये मुलामुलांत जो एकूण फरक आहे, त्यातला पहिल्या जोडीमार्फत गणितावरून समजणारा भाग काढला तर तो जेमतेम तीन टक्के भरतो. उलट दिशेनं, वाचनावरून गणित, सुमारे साडेसहा टक्के. दोन दिशांची उत्तरं वेगळी! सहसंबंध दोन्हीकडून सारखाच दिसतो, समजणं मात्र सारखं नसतं. हे मोजण्याचं माप स्ट्यूअर्ट आणि लव्ह यांनी १९६८ साली दिलं, हॉटेलिंगनंतर बत्तीस वर्षांनी.

हे सगळं भूमितीत पाहिलं की मला फार आनंद होतो. १४० मुलांच्या वाचनवेगाचे, सरासरी वजा केलेले, १४० आकडे म्हणजे १४० मितींच्या अवकाशातला एक बाण. समजेचा दुसरा बाण. हे दोन बाण मिळून एक प्रतल होतं, वाचनाचं. तसंच दुसरं प्रतल गणिताचं. कॅनॉनिकल सहसंबंध म्हणजे या दोन प्रतलांमधल्या कोनांच्या कोज्या. पहिला कोन सुमारे ६७ अंश, दुसरा ८६ अंश, म्हणजे जवळजवळ काटकोन. दोन अवकाशांमधल्या अशा कोनांचा विचार फ्रेंच गणिती कामीय जॉर्दां यांनी १८७५ सालीच केला होता. मुलांचं वाचन आणि गणित यांत काय नातं आहे, या प्रश्नाचं उत्तर अंशांत देता येतं, ही कल्पना पहिल्यांदा समजते तेव्हा माणूस क्षणभर गप्प होतो.

याच भूमितीतून या तंत्राचा सगळ्यात मोठा धोकाही दिसतो. आपल्या खोलीत दोन शेजारच्या भिंती एका रेषेत भेटतातच. तीन मितींमध्ये, एकाच बिंदूतून जाणाऱ्या दोन प्रतलांना एकमेकांना टाळायला जागाच नसते. १४० मितींमध्ये जागा भरपूर असते, तिथे ती भेटली किंवा जवळ आली तर त्याला काही अर्थ असतो. आता समजा कुणी वीस बागा घेतल्या, मातीचे दहा आकडे आणि पानाचे दहा आकडे मोजले. सरासरी वजा केल्यावर उरतात एकोणीस मिती. त्यात दहा मितींचे दोन अवकाश. दहा आणि दहा वीस, एकोणीसमध्ये मावत नाहीत. ते कुठेतरी भेटणारच. पहिला कॅनॉनिकल सहसंबंध येणार बरोबर १. आकडे संत्र्याच्या बागेतले असोत की फासे टाकून लिहिलेले असोत, उत्तर तेच. नमुने थोडे आणि चल पुष्कळ असले की हे तंत्र खुशाल परिपूर्ण नातं दाखवतं. पंचवीस किंवा तीस बागा घेतल्या तर आकडा १ च्या खाली येतो, पण तो फुगलेलाच असतो.

हा धोका नुसता कागदावरचा नाही. २०१७ साली नैराश्याच्या रुग्णांच्या मेंदूतल्या जोडण्या आणि त्यांची लक्षणं यांच्यात या तंत्रानं नाती शोधून नैराश्याचे चार जैविक प्रकार असल्याचा निबंध ‘नेचर मेडिसिन’मध्ये आला आणि खूप गाजला. २०१९ साली दुसऱ्या गटानं आपल्या रुग्णांवर तीच रीत वापरली. मेंदूतल्या हजारो जोडण्यांमधून आधी सोयीच्या निवडून घेण्याची पायरीही हिशेबात धरली, तेव्हा त्यांना ती नाती योगायोगापेक्षा वेगळी दिसली नाहीत.

हवामानाचे अंदाज बांधणाऱ्यांनी या धोक्यावर चांगली तोड काढली. एका बाजूला समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान, दुसऱ्या बाजूला जमिनीवरचं हवामान, दोन्हीकडे शेकडो ठिकाणांचे आकडे, आणि वर्षं मात्र तीस-चाळीसच. बार्नेट आणि प्रायसेनडॉर्फर यांनी १९८७ साली अमेरिकेतल्या हंगामी तापमानासाठी आधी प्रत्येक बाजूचे शेकडो आकडे मोजक्या मुख्य घटकांत आटवले आणि मगच त्यांच्यात कॅनॉनिकल जोड्या शोधल्या. मुख्य घटक काढण्याची रीतही हॉटेलिंग यांनीच १९३३ साली उभी केली होती. दक्षिण आशियातल्या मोसमी पावसाचा हंगामी अंदाज एकत्र बसून ठरवणाऱ्या हवामानतज्ज्ञांच्या हातातही आज या जातीचं साधन असतं. विदर्भात पाऊस किती पडेल याचा विचार करताना प्रशांत महासागराकडे पाहावं लागतं, हे हवामानशास्त्रज्ञ गिल्बर्ट वॉकर यांनी भारतात बसून एकेक सहसंबंध काढत दाखवलं होतं. त्यांचे ते सुटे धागे आता जोड्यांमध्ये विणले जातात.

१९३६ सालाकडे पुन्हा जायला हवं, कारण खरा चमत्कार तिथे आहे. त्या वर्षी तीन निबंध आले. महालनोबिस यांचं दोन गटांमधलं अंतर. हॉटेलिंग यांच्या दोन संचांमधल्या जोड्या. आणि इंग्लंडात रोनाल्ड फिशर यांची, आयरिसच्या फुलांची मापं घेऊन जाती ओळखण्याची रीत. तीन देश, तीन प्रश्न, तीन सूत्रं. आता हॉटेलिंग यांच्या एका संचात एकच रकाना ठेवा, आणि त्यात फक्त गट लिहा: पहिल्या गटातल्या माणसाला ०, दुसऱ्या गटातल्या माणसाला १. दुसऱ्या संचात सगळी मोजमापं. कॅनॉनिकल सहसंबंध काढा. माणसं पुष्कळ आणि दोन्ही गट सारखे असतील तर त्याचा वर्ग येतो डी-स्क्वेअर भागिले, चार अधिक डी-स्क्वेअर. अंतर २ असेल तर डी-स्क्वेअर ४, आणि उत्तर चार भागिले आठ, म्हणजे बरोबर अर्धं. त्या जोडीतली मोजमापांच्या बाजूची वजनं पाहावीत, तर ती फिशर यांच्या फुलांच्या सूत्राचीच निघतात, फक्त एका पटीचा फरक. तिघांनी तीन दारांतून एकाच वास्तूत पाऊल टाकलं होतं. अ‍ॅनन्डेल यांनी नागपुरात महालनोबिस यांच्या हाती जो प्रश्न दिला, तो पुढे न्यूयॉर्कमध्ये हॉटेलिंग सोडवत असलेल्या प्रश्नाचाच एक खास भाग होता, हे १९२० साली दोघांपैकी कुणालाही दिसणं शक्य नव्हतं.

आज नागपुरात माती आणि पान यांच्यावर असं काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यानं काय करावं? बागा भरपूर घ्याव्यात, चल थोडे आणि विचार करून निवडलेले घ्यावेत. आंबिया आणि मृग या संत्र्याच्या दोन बहारांच्या बागा एकत्र मिसळू नयेत, कारण पानाचं वय आणि झाडाला दिलेला पाण्याचा ताण दोन्हीकडे वेगळा असतो. मिसळल्या तर पहिली जोडी बहारांमधला फरकच दाखवेल आणि तो मातीचा गुण म्हणून प्रबंधात जाईल. मग काटोलच्या बागांवरून वजनं काढावीत, ती तशीच उचलून वरूडच्या बागांना लावावीत, आणि मातीचा गुण व पानाचा गुण यांच्यातला सहसंबंध तिथे नव्यानं मोजावा. तो आकडा बहुधा काटोलपेक्षा खाली येईल. जितका खाली येऊन थांबेल, तितकाच प्रबंधात छापावा.